शेतीशाळा : वाइनच्या द्राक्षबागेकडून ऊसवाल्याने काय घ्यावे?



गेल्या गळीत हंगामात वजनकाट्यावर गाडीचा नंबर लागेपर्यंत बसलेल्या एका काकाजींनी मला विचारले, "काहो, तिकडं नाशिककडं मानसं द्राक्षाची दारू काढून बंगले बांधून राहिले, अन् आपन सालभर ऊस सांभाळून खोडव्याले रडतो. मंग आपन काहून नाही लावाव द्राक्ष?" त्या वेळी मी थातूरमातूर उत्तर दिले. पण प्रश्न मनातून गेला नाही. नंतर आणखी दोन-तीन सभासदांनीही हेच विचारले, त्यातल्या एकाने तर विहिरीवरचा चांगला दोन एकर ऊस मोडायची तयारी केली होती. म्हणून हा लेख.

प्रथमच एक गोष्ट सांगून टाकतो. आपला वर्धा जिल्हा गांधी-विनोबांचा. १९७० च्या दशकापासून येथे दारूबंदी आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला व त्यावर राज्यभर गदारोळ झाला, त्या निर्णयातही दारूबंदीचे जिल्हे वगळलेले होते. तेव्हा साखर कारखान्याच्या पत्रिकेत वाइनचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्यावर एवढेच म्हणतो की साखर कारखान्याच्या मोलॅसिसचे पुढे काय होते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे आपण फार सोवळे नेसू नये. शिवाय मला वाइन शिकवायची नाही. बाग शिकायची आहे.

आधी महाराष्ट्रात हा धंदा कसा आला ते थोडक्यात पाहू. खाण्याची द्राक्षे नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या पट्ट्यात जुनी आहेत. द्राक्ष बागाईतदारांचा राज्य संघ १९६० सालचा. वाइनचा धंदा मात्र १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने उभा केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूस सुला सुरू केली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण काढले, नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क काढले, सवलती दिल्या आणि वायनऱ्या पटापट उभ्या राहिल्या. आपल्याला जवळचे वाटेल असे उदाहरण अकलूजचे. तेथील मोहिते-पाटील घराणे म्हणजे साखर सहकारातले नामांकित नाव. त्याच घरातील मंडळींनी २००७ साली इटलीच्या बंधूंबरोबर भागी करून मोटेवाडीच्या माळावर वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. म्हणजे उसाच्या राज्यातूनच हा वेल वर चढला आहे.

आता उलटी बाजू. २००८ च्या जागतिक मंदीने आणि मुंबईच्या हल्ल्याने हॉटेले ओस पडली, पर्यटक थांबले, वाइन पिंपात राहिली. २००९-१० मध्ये कित्येक वायनऱ्यांनी करार केलेला माल उचललाच नाही. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. मणी लहान, बी मोठे, साल जाड. ज्यांनी पाच-सहा वर्षे वेल वाढवले त्यांनी कुऱ्हाडीने ते तोडले. ऊस कारखान्याने उशिरा तोडला तर आपण शिव्या देतो, पण आपला ऊस गुऱ्हाळाला तरी जातो. कॅबरने सोव्हिनॉंचा घड घेऊन कोणाच्या दारात जाल?

तेव्हा काकाजींच्या प्रश्नाचे उत्तर असे की आपल्याकडे लावू नये. कारणे तीन. एक, आपली काळी कसदार जमीन पाणी धरून ठेवते आणि द्राक्षाला निचरा लागतो. दोन, द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात होते आणि नवी फूट नेमकी आपल्या ४५-४६ अंशांच्या उन्हात सापडते, मागून हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस येतो व तो केवडा रोग घेऊनच येतो. तीन, घेणारा जवळ नाही. तिसरे कारण एकटेच पुरेसे आहे.

पण लावू नये म्हणजे पाहू नये असे नव्हे. वाइनचे बागाईतदार मातीविषयी जे शिकले ते आपल्या उसाला फार लागू पडते.

वाइनवाला विषाला का भितो ते पाहा. खाण्याचे द्राक्ष आपण धुऊन खातो. वाइनचे द्राक्ष धूत नाहीत, वेलावरून क्रेटमध्ये आणि क्रेटमधून चरकात. सालीवर जे असेल ते सगळे रसात उतरते. रसातील साखरेचे मद्य करणारे किण्व म्हणजे जिवंत जीव आहे, बुरशीनाशक उरले तर तो अडखळतो. तोडणीच्या तोंडावर गंधक धुरळले तर टाकीत सडक्या अंड्याचा वास येतो व सारा माल बिघडतो. आपल्याकडे ब्रिक्स पाहतात तसाच तिकडेही पाहतात. ऊस १८ ते २२ ब्रिक्सचा, तर वाइनचे द्राक्ष २२ ते २४ ला तोडतात. पण तिथे नुसत्या साखरेवर भागत नाही, आंबटपणाही जुळावा लागतो. म्हणून ते मुद्दाम उत्पादन कमी ठेवतात. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन काढणारा शेतकरी वाइनच्या वेलावर चार-सहा टनांवर थांबतो व घड कापून टाकतो. टनावर पैसे मोजणाऱ्या आपल्या डोक्यात हे लवकर शिरत नाही. माझ्याही शिरले नव्हते.

विषाचा दुसरा धडा खाण्याच्या द्राक्षाचा आहे आणि तो महाग पडला. २००३ साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले व बोंब झाली. त्यानंतर पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात मोठी प्रयोगशाळा झाली, प्रत्येक बागेची नोंदणी आणि प्रत्येक मालाची तपासणी सुरू झाली. सगळे मार्गी लागले असे वाटत असता २०१० साली पुन्हा घाला आला. वेलाची शेंडेवाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट नावाचे औषध, ज्याला आपले शेतकरी लिहोसिन म्हणतात, सर्रास मारले जाई. ते तपासणीच्या यादीतच नव्हते. युरोपच्या बंदरात तपासले, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले, कंटेनर अडकले. शेतकऱ्याने चोरून काही केले नव्हते. वर्षानुवर्षे जे सांगितले गेले तेच त्याने केले होते. तरी कर्ज मात्र त्याच्याच नावावर राहिले. औषध ज्याने सांगितले, त्याचा सातबारा कोणी पाहिला नाही.

यातून पुष्कळ बागाईतदारांचे मन दुसऱ्या वाटेकडे वळले. त्या वाटेवर तीन पाट्या आहेत, आणि लोक त्यांचा घोटाळा करतात.

पहिली पाटी शाश्वत शेतीची. यात रसायन वर्ज्य नाही, पण मोजून. ठिबक, माती-पाण्याची परीक्षा, हवामान पाहून फवारणी, दोन ओळींत हिरवळीचे पीक, वायनरीचे सांडपाणी शुद्ध करून परत बागेला. चोथा, बिया व देठ यांचे खत. ही पाटी सैल आहे. कोणीही आपल्या फाटकावर लावू शकतो. तरी माझ्या मते बहुतेक शेतकऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दुसरी पाटी सेंद्रिय. येथे नियम लेखी आहेत. आपल्या देशात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. कृत्रिम खत व कृत्रिम औषध बंद, आणि बहुवर्षायू पिकाला प्रमाणपत्र मिळेपर्यंत तीन वर्षांचा संक्रमणकाळ. या तीन वर्षांत उत्पन्न घटते आणि भाव मात्र साधाच मिळतो. भाषणात हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.

सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, हाही गैरसमज. द्राक्षाचा केवडा आणि भुरी बिनफवारणीने जात नाहीत. भुरीला गंधक चालते, केवड्याला बोर्डो मिश्रण. या बोर्डोची कथा मोठी गमतीची आहे. १८७८ च्या सुमारास केवडा अमेरिकेतून फ्रान्समध्ये शिरला व बागा उघड्या पडू लागल्या. बोर्डो भागात रस्त्याकडेचे बागवाले वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून वेलांवर मोरचूद आणि चुन्याचे हिरवे-निळे पाणी शिंपडत, विषारी दिसावे म्हणून. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाला १८८२ मध्ये दिसले की रस्त्याकडच्या त्याच वेलांची पाने टिकली आहेत, आतली गळाली आहेत. १८८५ मध्ये त्याने मिश्रण प्रसिद्ध केले. चोराला भिववायला केलेले पाणी जगभर औषध झाले. आपल्या संत्रावाल्यांना ते चांगले माहीत आहे : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, आणि विळा बुडवून पाहायचा. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला.

पण तांबे मातीत विरत नाही, साठते. फ्रान्सच्या जुन्या बागांत ते इतके साठले की गांडूळ कमी झाले. म्हणून युरोपने २०१९ पासून मर्यादा घातली आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा अधिक तांबे नाही. म्हणजे जे निसर्गातले ते निर्धोकच, असा हिशेब चालत नाही. आता मांजरीच्या केंद्रासारख्या संस्था ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीचा वापर शिकवतात. ही बुरशी ऊसवाल्यालाही परकी नाही.

तिसरी पाटी बायोडायनॅमिक. हिच्याबद्दल ऐकले की आमच्या गावचे लोक एक तर हात जोडतात नाही तर हसतात. जून १९२४ मध्ये रुडॉल्फ स्टायनर या तत्त्वज्ञाने कोबरविट्झ गावी आठ व्याख्याने दिली. ते गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. मोठे शेतकरी त्याच्याकडे तक्रार घेऊन गेले होते : रासायनिक खते आली तेव्हापासून बियाणे दुबळे होत आहे, जनावरे आजारी पडत आहेत. त्याने सांगितले, शेत हा एक देह समजा. जनावर, चारा, खत, पीक सर्व त्याच शेतातले असावे. इथपर्यंत आपल्या आजोबांना नवे काही नव्हते. पुढचे नवे होते. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचे, मग एकरी २५-३० ग्रॅम काढून पाण्यात तासभर एकदा उजवीकडे एकदा डावीकडे ढवळायचे आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचे. याला ५०० नंबर म्हणतात. गारगोटीच्या भुकटीचे ५०१, ते सकाळी पानांवर. कामे चंद्र-ग्रहांच्या पंचांगाने. १९२८ पासून त्यांची 'डीमीटर' ही खूण आहे आणि फ्रान्समधील काही अतिशय महाग वाइनच्या बागा याच पद्धतीने चालतात. १९९० च्या दशकात न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर यांनी भारतात हिंडून ती पुष्कळ शेतकऱ्यांना शिकवली.

यात खरे किती? स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून एक प्रयोग सलग चालू आहे. शेजारी-शेजारी वाफे, एकात रासायनिक, एकात सेंद्रिय, एकात बायोडायनॅमिक. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात सेंद्रिय वाफ्यांचे उत्पन्न सुमारे २० टक्के कमी होते, पण खत व ऊर्जा बरीच कमी लागली आणि मातीतले जीव स्पष्ट वाढले. जर्मनीत गाइझेनहाइम येथे २००६ पासून द्राक्षावरच असा प्रयोग आहे. तेथे सेंद्रिय व बायोडायनॅमिक यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. फरक दिसला तो या दोहोंत आणि रासायनिकात. मी यावरून असे समजतो की काम कंपोस्ट करते, हिरवळीचे खत करते, आणि रोज बागेत फेरी मारणाऱ्या धन्याची नजर करते. शिंगाचे मला ठाऊक झालेले नाही. पण जो माणूस तासभर काठी ढवळत बसतो तो निदान त्या दिवशी आपल्या वावरात हजर असतो, हेही कमी नाही.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांचे जीवामृत आपल्यापैकी अनेकांनी केले आहे. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधाची माती. पाळेकर आपल्या पद्धतीला सेंद्रिय म्हणू देत नाहीत, तो वाद त्यांचा त्यांनी पाहावा. गूळ आपल्याच उसाचा आहे आणि गौळाऊ गाय आपल्याच जिल्ह्याची. तिच्या जोपासनेसाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला शासनाचे प्रक्षेत्र आहे. एवढे जवळ असून आपण शेणासाठी दुसऱ्या गावी ट्रॅक्टर पाठवतो.

आता या सगळ्या पाट्यांचे मूळ पाहू गेले तर ते फिरून आपल्याच अंगणात येते, आणि लेखाचा खरा भाग हाच. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ. क्वेट्ट्याला त्यांनी फळबागांवर काम केले, मग १९२४ ते १९३१ इंदूरच्या संस्थेत. तेथे यशवंत वाड या आपल्या माणसाबरोबर त्यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली आणि १९३१ साली दोघांच्या नावावर त्याचे पुस्तक निघाले. आज युरोप-अमेरिकेतला सेंद्रिय द्राक्षवाला हॉवर्डला गुरू मानतो. १९३५ साली गांधीजी इंदूरला गेले असता त्यांनी ती संस्था पाहिली आणि 'हरिजन'मधून या खताचा प्रचार केला. त्या वेळी त्यांचा मुक्काम वर्ध्याला मगनवाडीत होता, आणि त्यांचे सहकारी शेजारच्या सिंदी गावात झाडू व टोपले घेऊन जात होते. त्याच मगनवाडीत कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचे काम पाहत. त्यांचे शाश्वत अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक १९४५ चे. 'शाश्वत' हा शब्द वाइनच्या बाटलीवर येण्याआधी कितीतरी वर्षे वर्ध्यात रुजला होता. तो आपण विसरलो, आणि आता तो परदेशी लेबल लावून परत आला की त्याला पैसे मोजू!

आता आपल्या वावरात येऊ. एक एकर ऊस तुटला की साधारण तीन ते चार टन पाचट पडते. आपण काय करतो? काडी लावतो. मीही पंधरा वर्षे लावली. खोडवा लवकर फुटतो, उंदीर जातात, पाणी द्यायला सोपे, हीच कारणे मीही सांगत असे. नंतर एका वर्षी मजुरी न परवडल्याने अर्धे वावर तसेच राहिले. त्या उन्हाळ्यात पाणी लांबले तेव्हा जळालेल्या भागाला पहिल्या आठवड्यातच मुरड पडली, पाचट असलेला भाग तग धरून राहिला. मी वजन केले नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही. फावडे मारून पाहिले तेवढे सांगतो : पाचटाखाली ओल होती आणि गांडूळ होते, राखेखाली ढेकूळ होते. तेव्हापासून काडी बंद.

आणि मजा पाहा, नाशिक-सांगलीकडचे द्राक्षवाले ओळीत आच्छादन म्हणून उसाचे पाचट आणि बगॅस विकत घेऊन टाकतात. आपण जे जाळतो त्याला ते पैसे देतात.

पाचट कुजायला वेळ लागतो, कारण त्यात कर्ब फार आणि नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. कुजवणारे जीव नत्र जमिनीतून ओढतात व खोडवा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, पाचट बाधले. म्हणून बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत, पाचट सरीत लोटावे व टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू-कल्चर शेणात कालवून त्यावर टाकावे, वर हलके पाणी द्यावे. ज्यांना युरिया नको त्यांनी गोबरगॅसची मळी किंवा जीवामृत सोडावे, पण मग दीड-दोन महिने धीर धरावा. सगळ्या सरी भरणे जड जात असेल तर एक आड एक सरी भरावी व मोकळ्या सरीने पाणी द्यावे.

ज्यांच्याकडे जागा व जनावरे आहेत त्यांनी खड्डाच करावा, हॉवर्ड-वाड यांच्या मापाचा : ३० फूट लांब, १४ फूट रुंद, दोन ते तीन फूट खोल, त्याहून खोल नको, हवा मिळत नाही. पाचट थेट घालू नये. आठवडाभर बैलांच्या पायाखाली गोठ्यात पसरावे, तुडवून व मुतून ते मऊ होते. मग थरावर थर : पाचट व काडीकचरा, त्यावर शेणकाला, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीची राख. कारखान्याचे प्रेसमड मिळाले तर तेही एक थर. प्रत्येक थर ओला, पण मुठीत दाबला तर पाणी गळू नये इतपत. पंधरा दिवसांनी पहिली पालट, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. हात घातला तर चटका बसला पाहिजे. बसला नाही तर एक तर ओल कमी आहे नाही तर शेण. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते. घाण वास आला तर ते कुजले नाही, सडले. पुन्हा पालटून कोरडे पाचट मिसळावे.

खड्डा विहिरीपासून दूर आणि उंचवट्यावर घ्यावा. मृगाचे पाणी खड्ड्यात शिरले तर तीन महिन्यांची मेहनत वाहून जाते. माझी एकदा गेली आहे, आणि ती शेजाऱ्याच्या बांधावरच्या पऱ्हाटीला फार मानवली.